वेस्टर्नमध्ये खरी मजा गोळीबाराची नाहीच, वाट बघण्याची आहे (हाय नून वि. बाकी सगळे)

धुळीचा_लोट

रविवारी दुपारी हाय नून हा जुना वेस्टर्न (अमेरिकेतल्या गुराखी-बंदूकवाल्यांचा पिक्चर) परत बघितला, कितव्यांदा ते मोजणं सोडलंय. शेजारी पुतण्या बसला होता, कॉलेजात आहे, अर्ध्या तासाने म्हणतो काका यात गोळीबार कधी चालू होतो? मी म्हटलं अरे चालूच आहे की. त्याला कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असंय की चांगल्या वेस्टर्नमध्ये गोळीबार म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. जेवण म्हणजे वाट बघणं. हाय नून १९५२ चा, फ्रेड झिनेमानचा, फक्त ८५ मिनिटांचा आहे. मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, विल केनचं आजच लग्न लागलंय, नोकरी सोडून बायकोला घेऊन निघालाय, आणि बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर बसलेत. बास, एवढीच गोष्ट. पुढे केन दारोदार माणसं मागत फिरतो आणि भिंतीवरची घड्याळं पुढे सरकतात. एकजण तर बायकोला दाराशी पाठवून घरात नाही म्हणून सांगायला लावतो. चर्चमध्ये सभा भरते ती आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी, सगळे केनची तोंडभरून स्तुती करतात आणि ठरतं काय, तर तूच गाव सोड बाबा.

आणि बारा वाजतानाचे ते शॉट्स! केन टेबलावर मृत्युपत्र लिहितोय, मग चर्चमधले चेहरे, बारमधले चेहरे, रिकामा रस्ता, रिकामे रूळ, आणि ती रिकामी खुर्ची, जिच्यात बसून मिलरने सूड घेईन म्हणून धमकी दिली होती. नुसती खुर्ची आहे हो, पण मला अजून तिची भीती वाटते. मग शिट्टी. त्यानंतर जी काय ठोठो होते ती आठवतसुद्धा नाही.

बोला.

---

गंजलेली_विंचेस्टर

साफ असहमत. हाय नून हा वेस्टर्न आवडत नसलेल्या लोकांचा आवडता वेस्टर्न आहे. मार्शल माणूस, हातात बिल्ला, आणि गावभर मदत मागत हिंडतो? दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा नेमका हाच आक्षेप होता, की चांगला शेरीफ (मार्शलसारखाच पोलीस अधिकारी) असा सैरावैरा पळत लोकांच्या दारात जाणार नाही, आणि वर शेवटी याला वाचवते कोण तर हिंसा न मानणारी क्वेकर पंथाची बायको. म्हणून त्याने वेस्टर्नचा मोठा हीरो जॉन वेनला घेऊन १९५९ मध्ये रिओ ब्राव्हो काढला. तिथला शेरीफ चान्स उलट करतो, लोक मदतीला येतात तर म्हणतो तुम्ही नको, तुम्हाला हे काम येत नाही. त्याच्याकडे आहे कोण, तर एक लंगडा म्हातारा आणि एक दारुडा.

तो दारुडा म्हणजे डीन मार्टिनचा ड्यूड. पहिली काही मिनिटं पिक्चरमध्ये एक शब्द नाही. ड्यूडला घोटभर हवीय, खिशात दमडी नाही, आणि एक माजलेला माणूस नाणं टाकतो ते थुंकदाणीत. ड्यूड खाली वाकतो. पुढे एका खुन्याचा पाठलाग करत तो त्या गुंडांच्या बारमध्ये शिरतो, इतके दिवस मागच्या दाराने जायचा तो आज पुढच्या दाराने, आणि तिथे कुणी लपलेलंच सापडत नाही. सगळे हसतात, परत नाणं थुंकदाणीत पडतं. हा पार खचलेला, बारवर समोर बियरचा भरलेला ग्लास, आणि त्यात वरून टपकन रक्ताचा थेंब पडतो. मग गर्रकन वळून वर माळ्यावर एक गोळी. खलास.

हे आहे वेस्टर्न. थरथरणारे हात स्थिर होणं. वाट काय, एसटी स्टँडवर पण बघतात.

---

धुळीचा_लोट

@गंजलेली_विंचेस्टर बियरचा सीन मान्य, दंडवत. पण रिओ ब्राव्होची गोष्ट काय आहे सांग बरं? जो बर्डेट नावाच्या खुन्याला कोठडीत ठेवलाय, त्याचा भाऊ बाहेर माणसं जमवतोय, आणि हे आत बसून कसली वाट बघतायत, तर मोठा मार्शल कधी येतो त्याची. म्हणजे वाटच! फक्त तुमचे लोक वाट बघताना गाणी म्हणतात.

आणि एक विसरू नका. हाय नूनची पटकथा लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला त्याच काळात अमेरिकन संसदेच्या समितीने कम्युनिस्ट म्हणून चौकशीला बोलावलं होतं, त्याने सहकाऱ्यांची नावं द्यायला नकार दिला आणि त्याला देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. ते तोंड फिरवणारं गाव त्याने बघितलेलं होतं. वेनने पुढे १९७१ च्या मुलाखतीत सांगितलं की फोरमनला देशाबाहेर घालवायला मदत केली त्याचा मला पश्चात्ताप नाही. आणि गंमत म्हणजे याच पिक्चरसाठी, केनच्या रोलबद्दल, गॅरी कूपरला ऑस्कर मिळालं तेव्हा कूपर नव्हता म्हणून स्टेजवर जाऊन ते घेतलं कोणी? जॉन वेनने. वर म्हणतो हा रोल मला का नाही मिळाला.

---

गंजलेली_विंचेस्टर

राजकारण चांगलं होतं म्हणून पिक्चर चांगला होत नाही. आणि संगीत म्हणाल तर दोन्हीला दिमित्री टिओमकिनच आहे, तेव्हा गाण्यांवरून आम्हाला हिणवू नका. तुमच्या हाय नूनमध्ये तर तेच एक गाणं पिक्चरभर पिच्छा सोडत नाही.

---

तुकोचा_दोस्त

तुम्ही दोघं अमेरिकेत भांडत बसा, तिकडे इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने स्पेनमध्ये बसून दोघांची दुकानं बंद केली. धागाकर्त्याला वाट बघणंच हवं असेल तर १९६८ चा वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट, त्याच्या सुरुवातीला तीन माणसं स्टेशनवर गाडीची वाट बघतायत, सरळ सरळ हाय नूनमधून उचललंय आणि लिओनेने ते मुद्दाम दाखवून उचललंय, फक्त झिनेमानला जे ओझरतं दाखवायचं होतं ते याने ताणून ताणून असं केलंय की आपल्यालाच घाम फुटतो, पवनचक्कीची कुईकुई चालूय, तेल घातलेलं नाही, एकाच्या टोपीवर वरून पाणी टपटपतंय आणि तो ते पुसत नाही, साठू देतो आणि मग टोपी काढून पिऊन टाकतो, दुसऱ्याच्या दाढीवर माशी बसलीय, फुंकून जात नाही, शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि नळी कानाला लावून तिचं गुणगुणणं ऐकत बसतो. संगीत शून्य. मॉरिकोनेसारखा संगीतकार घरात असताना गप्प बसायचं म्हणजे बघा.

मग गाडी येते, जाते, आणि पलीकडे चार्ल्स ब्रॉन्सन माउथऑर्गन वाजवत उभा. तो विचारतो माझ्यासाठी घोडा आणलाय का, हे हसतात, म्हणतात एक कमी पडतोय वाटतं. तो मान हलवतो, म्हणतो दोन जास्तीचे आणलेत.

आता यातली गंमत. हाय नूनच्या पहिल्याच शॉटमध्ये दिसतो तो ली व्हॅन क्लीफ. स्टेशनवरच्या तिघांतला एक, अख्ख्या पिक्चरमध्ये त्याला एकही वाक्य नाही, आणि स्टेशनवर बसून तो काय वाजवतो? माउथऑर्गन! तोच पुढे लिओनेचा खलनायक झाला, द गुड द बॅड अँड द अग्ली मधला. मुक्या गुंडाला लिओनेने जबान दिली.

---

धुळीचा_लोट

माउथऑर्गनचं मी कधी जोडलंच नव्हतं, वा. म्हणजे पुरावा माझ्याच बाजूने पडला, धन्यवाद :)

---

जुना_प्रेक्षक

अरे पोरांनो, तुम्ही हे सगळं टीव्हीवर आणि मोबाईलवर बघितलंय म्हणून घड्याळं आणि माश्या दिसतात. आम्ही मॅकेनाज गोल्ड टॉकीजमध्ये बघितला, मॅटिनीला, आणि नंतर परत लागला की परत. अमेरिकेत तो पडला म्हणतात, आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं फिरत राहिला. इंग्रजी आम्हाला कुणाला धड कळायचं नाही. ते गिधाड आकाशात घिरट्या घालतं, खाली मैलोन्‌मैल तांबडे खडक, आणि सकाळच्या उन्हात त्या सुळक्याची सावली लांब लांब होत सरकत जाऊन सोन्याच्या दरीचा रस्ता दाखवते. अख्खं थिएटर चिडीचूप. आणि शेवटी एवढी मारामारी, भूकंप, दरी कोसळली, आणि ग्रेगरी पेक ज्या घोड्यावर बसून निघतो त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत सोनं भरलेलं, त्याला पत्ताच नाही! आमच्यातला एक दोस्त पडद्याकडे बघून ओरडला होता, "अरे पिशवी बघ!"

वेस्टर्न म्हणजे तो मुलूख. माणसं नंतर.

---

धुळीचा_लोट

@जुना_प्रेक्षक काका, पण त्या सावलीची सुद्धा तुम्ही वाटच बघत होतात ना?

---

गंजलेली_विंचेस्टर

आता हे काहीही हं. सूर्य उगवला तरी वाट बघणं, माशी बसली तरी वाट बघणं. या हिशोबाने रेशनच्या रांगेत पण वेस्टर्नच चालू असतो.

---

कातळशिल्प

मी वेस्टर्न आवडीने बघते पण कुणीच एक गोष्ट काढत नाहीये. काका म्हणतात वेस्टर्न म्हणजे तो मुलूख. तो मुलूख कुणाचा? वेस्टर्नमध्ये दिसणारी ती तांबड्या सुळक्यांची मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळ अमेरिकन जमातीची आहे. जॉन फोर्डने १९५६ चा द सर्चर्स तिथे घेतला, गोष्ट टेक्ससमधली, टोळी कोमांची, आणि मागे उभे नवाहो. मुख्य कोमांची सरदार स्कार कोणी केलाय, तर जर्मनीत जन्मलेल्या निळ्या डोळ्यांच्या हेन्री ब्रँडनने. आणि गुराखी म्हटलं की जॉन वेन, पण खऱ्या गुराख्यांत चारात एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ते सगळे गेले कुठे?

सर्चर्समागे खरी घटना आहे. १८३६ मध्ये नऊ वर्षांच्या आसपासच्या सिंथिया अॅन पार्करला कोमांचींनी पळवून नेलं. १८६० मध्ये टेक्सस रेंजर्सनी (तिथलं सशस्त्र पोलीस दल) तिला "सोडवून" आणलं तोवर ती त्यांच्यातलीच झाली होती, मुलं झाली होती, ती परत पळून जायला बघायची. मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा मोठा नेता झाला. पिक्चरमध्ये मात्र काका घोड्यावरून पुतणीच्या मागे लागतो, तिला उचलतो आणि म्हणतो चल घरी, आणि आपण डोळे पुसायचे. तिचं घर कुठलं हे तिला कोणी विचारलं?

हाय नूनबद्दल सुद्धा, सगळे खुर्चीबद्दल बोलतायत, कॅटी हुराडोच्या हेलन रामिरेझचं नाव नाही. मेक्सिकन बाई, स्वतःचा धंदा चालवणारी, त्या गावात तिलाच सगळं लख्ख दिसतंय. धंदा विकून ती निघते आणि केनच्या बायकोला सुनावते, तो माझा असता तर मी त्याला सोडून गेले नसते, बंदूक घेऊन लढले असते. हुराडोला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं.

---

गंजलेली_विंचेस्टर

@कातळशिल्प नवाहोंचं आणि स्कारचं बरोबर आहे, तिथे फोर्डची बाजू घेता येत नाही. पण सर्चर्समधला तो काका, जॉन वेनचा ईथन, हीरो आहे असं फोर्ड म्हणत नाही ना. मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत तो गोळ्या घालतो, का तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्याचा आत्मा कायम भटकत राहावा. हा माणूस द्वेषाने सडलेला आहे आणि ते दाखवलंय. म्हणून तर शेवटी सगळे घरात जातात आणि तो उंबऱ्याबाहेर राहतो, एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून, आणि दार बंद होतं. त्याला घरात घेतलेलं नाही.

---

कातळशिल्प

दार त्याच्यावर बंद होतं हे कबूल, शॉट भारीच आहे. पण कॅमेरा घराच्या आत आहे. कोमांचींच्या तंबूतून कधी बघितलंय का फोर्डने?

---

पनवेलकर

तुमच्या भांडणात आमचं गाव आणतो. शोलेमधला मालगाडीवरचा हल्ला मुंबई-पुणे लाइनला पनवेलजवळ घेतलाय, आठवडेच्या आठवडे चाललं होतं शूटिंग. आणि ठाकूरचं कुटुंब मारतात तो सीन बघा आणि मग वन्स अपॉन अ टाइममधलं मॅकबेन कुटुंबाचं हत्याकांड बघा, मग बोलू. तिकडून इकडे आलं म्हणून नाकं मुरडायचं कारण नाही, लिओनेने तरी पहिला डॉलरवाला पिक्चर (अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स) जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या योजिम्बोवरूनच उचलला होता, आणि ते प्रकरण त्याला चांगलंच महागात पडलं. आणि हो, कालिया आमचा विजू खोटे. त्या तीन गोळ्यांच्या सीनमध्ये वाट बघणंच आहे, तेव्हा माझं मत धागाकर्त्याला.

---

चिखलातला_मार्शल

मी उशिरा आलो पण मूळ मुद्दाच चुकलाय. गोळीबार बडीशेप? १९५३ चा शेन बघा. भाडोत्री बंदूकबाज झालेला जॅक पॅलन्स पायरीवर उभा, खाली चिखलात साधा शेतकरी टोरी. गोळी लागते आणि तो नुसता पडत नाही, कोणीतरी मागून हिसडा द्यावा तसा मागे फेकला जातो. तोवर पिक्चरमध्ये माणसं गोळी लागली की छातीवर हात ठेवून शिस्तीत मरायची.

आणि क्लिंट ईस्टवुडचा अनफर्गिव्हन, १९९२. ईस्टवुड त्यात मनी नावाचा म्हातारा बंदूकबाज आहे. दोस्ताच्याने बंदूक चालववत नाही म्हणून मनी ती हातात घेतो, दोनतीनदा हुकतो, मग ज्याला मारायला आलेत त्या पोराच्या पोटात, खाली खडकात, गोळी लागते. पोरगा लगेच मरत नाही. पाणी मागत राहतो. घाबरून कुणी जवळ जात नाही, शेवटी मारणारा मनीच वरून ओरडतो, अरे त्याला पाणी द्या, आम्ही गोळी नाही घालणार. त्या सीनमध्ये वाट आहे, पण ती गोळीच्या *नंतर*. आधीची वाट सोपी असते हो धागाकर्ते.

---

धुळीचा_लोट

@चिखलातला_मार्शल हे मात्र लागलं. याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही, रात्री परत बघतो.

@कातळशिल्प रामिरेझचं नाव मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं, चुकलंच.

बाकी पुतण्या पुढच्या रविवारी परत येणारे, विचारतोय कुठला लावणार. वन्स अपॉन लावायचा विचार आहे, पण पावणेतीन तासांचा आहे, बसेल का तो?

---

तुकोचा_दोस्त

आधी काही सांगू नकोस. माशी नळीत जाईपर्यंत मोबाईल काढला नाही तर बसला म्हणून समज. काढलाच तर रिओ ब्राव्हो लाव, विंचेस्टर खूश होईल.