मदत हवी: लाखाच्या आत नवी मोटारसायकल, 100 सीसी की 125? लवकर सांगा

केळीबाग_चोपडा
जुनी गाडी विकून मोकळा झालो, आता पायी आहे. नवी घ्यायची, ऑनरोड लाखाच्या आत. 100 घेऊ की 125? ॲव्हरेज पाहिजे आणि खर्च कमी. रविवारी बुकिंग करायचंय. फाटे फोडू नका, फक्त नाव सांगा.

तापीकाठ
रोज किती किमी? रस्ता कसला? मागे कोण बसतं, वजन काय काय वाहायचं? तुमची उंची? यातलं काहीच दिलेलं नाही.

शिरपूरकर
125 च. 100 च्या गाडीला साधारण 8 एचपी आणि 8 न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), 125 ला पावणेअकरा आणि 11. डबलसीट चढावर फरक लगेच कळतो. डोळे झाकून घ्या.

गॅरेजवाले_आबा
डोळे झाकून घेतलेल्या गाड्याच आमच्या दारात उभ्या असतात. तुले काय जोयजे ते तर सांग भो. शेतात नेणार का? काळी माती आहे का?

केळीबाग_चोपडा
शेतात तर नेणारच, त्यात काय विचारायचं! घर ते मळा 11 किमी, त्यातली शेवटची 3 गाडवाट, काळी माती. आठवड्यातून दोनदा जळगाव. फवारणीचा पंप, कधी खताची गोणी. मागे वडील बसतात, वय 70, गुडघे दुखतात. उंची 5 फूट 4. आता तरी नाव सांगा.

तापीकाठ
हेच पहिल्या पोस्टीत हवं होतं. आता सीसी बाजूला ठेवा. 3 किमी काळी माती आणि वडिलांचे गुडघे, गाडी यावरच ठरेल.

आधी वजन. या वर्गातल्या गाड्या माणसं धरून साधारण 130 किलो वाहण्यासाठी असतात. तुम्ही 70 आणि वडील 60 म्हटले की कोटा संपला. युरियाची गोणी 45 किलोची, म्हणजे गोणी आणि वडील एका फेरीत नाहीत, गाडी कोणतीही घ्या. गोणी सीटवर आडवी बांधा. मागच्या कॅरिअरवर टाकली तर वजन मागच्या एक्सलच्या मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगतं.

मग सीटची उंची. स्प्लेंडर 785 मिमी, प्लॅटिना 110 ची 807. प्लॅटिनाचा ग्राउंड क्लीअरन्स (जमीन ते गाडीचं बूड) 200 आहे, स्प्लेंडरचा 165. गाडवाटेच्या मधल्या उंचवट्याला इंजिनाचं बूड घासायचं नसेल तर 200 बरा, पण वडिलांना पाय जास्त उचलावा लागेल. स्प्लिट सीट (पुढची-मागची वेगळी) असलेली 125 तर बघूच नका, मागची सीट अजून उंच असते.

भुसावळ_जंक्शन
सीएनजीवालीचं, बजाज फ्रीडमचं, नाव कुणीच कसं घेत नाही? जुलै 2024 मध्ये आली, 2 किलो गॅस आणि 2 लिटर पेट्रोल. ॲव्हरेज मागतोय ना तो.

तापीकाठ
तिची सीट 825 मिमी. वडिलांना शिडी लावायची का? शिवाय गॅस पंप रोजच्या वाटेवर नसेल तर 2 लिटरच्या टाकीवरच फिरायचं.

गॅरेजवाले_आबा
पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरते आणि चाक जाम होतं. शोरूममध्ये पुढच्या टायर आणि मडगार्डमध्ये आडवी बोटं घालून बघा. दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर ब्रॅकेटखाली वॉशर टाकून मडगार्ड उचलता येतो, पण आधी मडगार्ड लोखंडी की प्लॅस्टिकचा ते बघा. प्लॅस्टिकचा ताणला की बोल्टच्या भोकाशी चिरतो.

दुसरं, फुल चेन कव्हर. उघड्या चेनवर चिखल बसला की ग्रीस आणि माती मिळून कानस तयार होते, चेन आणि तिचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, अर्ध्या वयात जातं. तिसरं, फोर्कवर, म्हणजे पुढच्या शॉकॲबवर, रबरी बूट. नसतील तर वाळलेला चिखल ऑइल सील कापतो आणि शॉकॲबमधून तेल गळतं.

शिरपूरकर
आबा, तुम्ही तर बैलगाडी सुचवताय. जळगावलाही जायचंय त्याला. पुढे डिस्क घ्या, ड्रम नको. आणि अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. बांधावर बाभळीचे काटे, ट्यूब असली की काटा निघताच हवा गुल. ट्यूबलेस निदान घरी आणते.

गॅरेजवाले_आबा
काट्याचं मान्य. पण अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याचे खड्डे बघितलेत ना? अलॉयची कड दबली की ट्यूबलेस तिथूनच हवा सोडते, मग आत ट्यूब टाकून चालवतात लोक. स्पोकची रिम आऊट झाली तर तारा ओढून सरळ होते. डिस्कचं मात्र बरोबर. ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक लागत नाही, चालत्या गाडीत हलका दाबून सुकवावा लागतो. फक्त चिखलातून आल्यावर डिस्कला पॅड दाबणारा कॅलिपर पाण्याने धुवा, नाहीतर खडा पॅडमध्ये अडकून डिस्कवर रेघा ओढतो.

धुळे_18
बिलाचं कुणी बोलत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, कोटेशन त्याप्रमाणेच आहे का बघा. थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा सक्तीचा, पण स्वतःच्या नुकसानीचा बाहेरून घेता येतो. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते पैसे भरण्याआधी दाखवायला सांगा.

केळीबाग_चोपडा
विम्याचं मी विचारलंच नव्हतं. किक पाहिजे का हे सांगा. नुसत्या सेल्फवर भरवसा नाही.

तापीकाठ
असली तर बरी, पण भ्रमात राहू नका. बीएस-6 च्या प्रदूषण नियमांनंतर कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. बॅटरी पार उतरली तर टाकीतला फ्युएल पंपच चालत नाही, मग किक मारून पायच दुखेल. बॅटरी अर्धवट असेल तेव्हा किक कामाला येते. गाडी बंद असताना 12.4 व्होल्टच्या खाली दिसली की चार्ज करा. आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. मे महिन्यात तर जपाच.

चाळीसगाव_फाटा
100 घेऊन पुढचं स्प्रॉकेट 14 चं असेल तर 13 दातांचं टाका. ओढ साधारण 8 टक्के वाढते, 125 ची गरजच नाही.

शिरपूरकर
आणि टॉप स्पीड त्याच प्रमाणात घटतो, जळगाव रस्त्यावर इंजिन किंचाळत राहतं, पेट्रोलही जास्त. वॉरंटीत असताना हात लावू नका.

गॅरेजवाले_आबा
यावर पहिल्यांदाच शिरपूरकरांशी सहमत. आणि सर्व्हिसिंगमध्ये एअर फिल्टर हवा मारून देतो म्हणाले तर थांबवा. तेलकट कागदी फिल्टर साफ होत नाही, बदलावा लागतो. उन्हाळ्यात गाडवाटेची धूळ असेल तर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच उघडून बघा.

केळीबाग_चोपडा
म्हणजे फुल चेन कव्हर, पुढे डिस्क, मडगार्डला दोन बोटं, सीट 800 च्या आत. 125 मध्ये असं मिळतं का?

तापीकाठ
साध्या, सलग सीटच्या 125 मध्ये मिळतं. होंडा शाइन 125 ची सीट 791 आहे, तिचं डिस्कवालं मॉडेल बघा. क्लीअरन्स 162 च आहे, म्हणून गाडवाटेवर मधल्या उंचवट्यावरून नको, चाकोरीतून चालवा. लाखात बसते का ते ऑनरोड कोटेशनवर ठरेल. नाही बसली तर 100 बघा, त्यात बहुतेकींना ड्रमच असतो. वडिलांना शोरूमला सोबत न्या, गाडी मेन स्टँडवर लावून त्यांना दोनदा चढ-उतार करायला सांगा.

केळीबाग_चोपडा
ठीक. रविवारी दोघं जातो.

भुसावळ_जंक्शन
सीएनजीवर पण बसवून बघा एकदा त्यांना.