शिडाच्या बोटीची जाहिरात : 'सहा बर्थ' मराठीत कसं सांगायचं?

खारं वारं
माझा भाऊ साउदॅम्प्टनजवळ राहतो. इतकी वर्षं लोकांच्या बोटींवर हरकाम्या म्हणून जायचा, आता स्वतःची शिडाची बोट घ्यायचं खूळ डोक्यात शिरलंय. सेकंडहँड, कॉन्टेसा ३२ नावाच्या बत्तीस फुटी मॉडेलची, सत्तरच्या दशकातली. जाहिरात त्याने मला पाठवली ती देवगडच्या मामाला सांगण्यासाठी. मामा तांडेल, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या होता. त्याने 'बरी आसा' म्हटल्याशिवाय हा गडी पैसे काढणार नाही.

मामाला इंग्रजी येत नाही. आधी मशिनकडून भाषांतर करून घेतलं, तर मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) 'शीट' म्हणजे दोऱ्यांच्या चक्क चादरी झाल्या. त्या मी मामापर्यंत पोचू दिल्या नाहीत. खरं घोडं अडलंय ते 'बर्थ'पाशी. जाहिरातीत वर लिहिलंय 'सहा बर्थ' आणि शेवटी लिहिलंय 'बर्थचं भाडं मार्चअखेरपर्यंत भरलेलं'. पहिल्याला मी 'सहा जणांच्या झोपण्याची सोय' म्हटलं. मामा म्हणाला, "बत्तीस फुटात सा माणसा? निजतत की उभी रवतत?" दुसरा बर्थ म्हणजे बोट बांधून ठेवायची मरीनातली जागा. लिहून पाठवताना दोन्हीकडे 'बर्थ' ठेवला तर मामा म्हणणार, सहातल्या एकाचंच भाडं भरलंय, बाकीचे पाच उधारीवर.

आणखी अडलेले : क्वार्टर बर्थ, हेड, स्टँडिंग रिगिंग, लीक्लॉथ. शब्द बोलण्यातले हवेत, कोशात वाळत पडलेले नकोत.

शुद्धिपत्र
प्रश्नच कुठे आहे? रेल्वेने 'शायिका' कधीचाच रूढ केला आहे. 'सहा शायिकांची नौका'. दुसऱ्या अर्थी 'नौकास्थान'. दोन अर्थांना दोन शब्द मिळाले, जे इंग्रजीलाही जमलेलं नाही.

साडेमाडे
'माझी साइड लोअर शायिका आहे, जरा उठता का' असं म्हणणारा प्रवासी आणून दाखवा, चहा माझ्याकडून. शायिका फक्त छापील तक्त्यावर झोपते.

आगबोट
वडील मुंबई बंदरात होते. घरात 'आज जहाज बर्थवर आलं नाही' हे वाक्य रोजचं, पण आजी तेच 'बोट लागली नाही' असं सांगायची. बोट धक्क्याला लागते, होडी आपण लावतो. तेव्हा 'बोट लावायच्या जागेचं भाडं मार्चअखेरपर्यंत भरलंय' एवढंच सांगा, मामांना लगेच कळेल. नाम शोधत बसायचा हट्ट का? क्रियापद आपल्याकडे तयार आहे.

साडेमाडे
जपून. 'मला बोट लागते' म्हणजे वेगळंच प्रकरण. कोकण बोटीवर आमच्या आत्याला भाऊच्या धक्क्यापासूनच लागायची.

आगबोट
तिथे 'मला' आहे ना! व्याकरण तेवढं तरी करतं.

मिठागर
माझे आजोबा रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. त्यांच्या तोंडची भाषा मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. स्वयंपाकी तो भंडारी, झाडूवाला टोपस, दिवाबत्तीवाला कसाब. डेक म्हणजे तुतक. उजवी बाजू जमना आणि डावी डावा. पुढच्या काठीवरच्या शिडाला तिरकट. हा शब्द पोर्तुगीज 'त्राकेत'चा. गलबताच्या मागच्या बाजूच्या खोलीला दबुसा. बंगाल्यापासून गुजराथ्यापर्यंत सगळे खलाशी हीच खिचडी बोलायचे. १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशही छापला होता, गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून. तेव्हा क्वार्टर बर्थला 'दबुशातली जागा' म्हणा. निदान समुद्रावरचा शब्द आहे.

खारं वारं
दबुसा ऐकायला भारी आहे, पण त्यात निदान उभं राहता येत असेल. क्वार्टर बर्थ म्हणजे कॉकपिटच्या (मागे बसून बोट हाकायच्या उघड्या जागेच्या) बाकाखाली जाणारं बीळ. डोकं इकडे बाहेर, पाय तिकडे अंधारात. भाऊ म्हणतो, लांबच्या प्रवासात सगळे त्याच जागेसाठी भांडतात, कारण बोट मध्याकडे आणि मागे कमी आदळते. जाहिरातीतल्या फोटोत मात्र पुढची त्रिकोणी जागा उशा-बिशा मांडून सजवलेली. भर समुद्रात तिथे झोपणारा माणूस गादीवरून उडून पुन्हा गादीवर पडत असतो. सहाचा हिशोब असा : पुढे त्रिकोणात दोन, टेबल खाली पाडून त्यावर दोन, समोरच्या बाकावर एक आणि बिळात एक. जेवायला बसायचं तर दोघांना उठवायला लागणार.

शुद्धिपत्र
मिठागर, आजोबांबद्दल आदर आहे. पण पोर्तुगीज, फारसी, अरबी उष्टं गोळा करून त्याला 'समुद्रावरचा शब्द' म्हणायचं आणि संस्कृतातून सरळ आलेल्या शब्दाला 'छापील' म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय? 'नौ' हा धातू किती जुना आहे पाहा. नाविक, नौका, नाव. सगळं घरचं आहे.

साडेमाडे
धातू नव्हे, नाम. आणि आरमार कुठलं? पोर्तुगीज 'आर्मादा'चं. आज्ञापत्रात 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' असं रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलं तेव्हा त्यांना शब्द उष्टा वाटला नाही. आता चावी, फीत, घमेलं, पगार हेही परत करायचे का? पगार परत करायला माझी तयारी नाही.

शुद्धिपत्र
अमात्यांच्या काळी पर्याय द्यायला सवड नव्हती, लढाया चालू होत्या. आपल्याला सवड आहे.

मांडवी तीर
गोव्यातून लिहितोय. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलासाठी 'म्हादेई' बांधली, ५६ फुटी. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाची फेरी करून आले. पुढे अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. मराठी-कोकणी माणसांनी बांधलेली, मराठी माणसाने हाकलेली बोट. तरी माझा मावसभाऊ, जो दुसऱ्या एका यार्डात फायबरचं काम करतो, तो घरी येऊन 'आज हेड चोकप झालं होतं' असंच सांगतो. त्याची बायको अजून डोक्याला हात लावते.

हेड म्हणजे संडास, एवढं सरळ आहे. जुन्या जहाजांवर ही सोय अगदी पुढे, नाळेच्या टोकाला असायची. लाटांनी आपोआप धुऊन जायची म्हणून. टोक ते हेड. मामांना 'संडास' सांगा, आणि हाताने पंप मारायला लागतो हेही सांगा. बोटीतल्या संडासाला समुद्राकडे जाणारे कॉक असतात, ते बंद करायचे राहिले तर पाणी आत येतं. जुन्या बोटीत ते कॉक गंजून जाम झालेत का, हे शब्दाच्या आधी बघा.

खारं वारं
काल पुन्हा मामाशी बोलले. त्याला बर्थ, हेड कशातच रस नाही. पहिला प्रश्न, "बोटीक पाणी किती लागता, ता आधी सांग." जाहिरातीत ड्राफ्ट साडेपाच फूट. मी सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे वावाला थोडं कमी. (सहा फूट म्हणजे एक वाव, हे मला भावाकडून कळलं, तिकडे तेच 'फॅदम'.) मग म्हणाला, भांगाच्या दिवसात ओहोटीला खाडीत रुतणार नाही ना? भांग म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस. म्हणजे ओहोटी तेव्हा कमीच खाली जाते, भीती खरी उधाणाच्या ओहोटीची. मी तसं म्हटल्यावर मामा खूश. मुद्दाम चुकीचं विचारून माझी परीक्षा घेत होता.

मग दुसरा प्रश्न : "पठाण कसो आसा?"

मी म्हटलं, मालक इंग्रज आहे.

मिठागर
हाहाहा. पठाण म्हणजे कील! बोटीच्या तळाचा मुख्य वासा. आधी पठाण घालतात आणि बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

आगबोट
हो, पण कॉन्टेसाला मामांच्या ओळखीचा पठाण नाही. त्यांच्या गलबताचा पठाण नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सलग लाकूड. हिची कील मधेच खाली उतरलेला, माशाच्या परासारखा पंख आहे आणि त्याच्या पोटात शिसं. बोटीच्या एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तेच. तेव्हा हे 'पठाण' आणि 'निरम' दोन्ही एकात झालं. निरम म्हणजे बोट कलंडू नये म्हणून तळाला भरायचं वजन. गलबतात दगड-वाळू भरायचे, हवं तेव्हा काढायचे. हिचं निरम कायमचं. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळ झालं, १५ खलाशी गेले, तेव्हा सर्वात छोट्या बोटींच्या गटात शर्यत पुरी करणारी एकटी बोट कॉन्टेसा ३२ होती. मामांना हे सांगा. शायिकेपेक्षा ह्याने काम होईल.

शुद्धिपत्र
पठाण हा पाठ, पृष्ठ यावरूनच आला असणार. पृष्ठस्थान, पठ्ठाण, पठाण. म्हणजे आपलाच. मी हेच म्हणत होतो.

साडेमाडे
पाठ वर असते, कील खाली. बोट उलटी झाल्याशिवाय तुमची व्युत्पत्ती लागू होत नाही.

शुद्धिपत्र
बांधताना होडी पालथी घालतात.

मिठागर
डांबर लावताना पालथी घालतात, बांधताना नाही. निदान आमच्याकडे.

मांडवी तीर
आमच्याकडे फायबरची असेल तर साच्यातच होते, पालथी-उताणी प्रश्नच नाही. पण हा वाद करायला मुंबईतले बोटी बांधणारे जुने वाडे हवे होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगाला फेरी मारणारा पहिला माणूस ठरला, ती 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधलेली, तीही ३२ फुटीच. कुलाब्यातल्या सुतारांनी तिच्या कीलला काय म्हटलं असेल? बर्थला काय? कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून आज शायिका सुचते.

खारं वारं
पुन्हा मूळ यादीकडे येऊ या का? स्टँडिंग रिगिंग. जाहिरातीत हे ठळक अक्षरात आहे, नवीन बसवलंय म्हणून. डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा. शिडं वर-खाली करायच्या दोऱ्या वेगळ्या, त्या 'रनिंग'. मी 'उभ्या दोऱ्या' आणि 'पळत्या दोऱ्या' लिहिणार होते, पण धीर झाला नाही.

मिठागर
तणावे! तंबूचे असतात ते. खुंटीला ताणून बांधलेले. डोलकाठीचे तणावे. आणि चालत्या त्या नुसत्या दोऱ्या.

आगबोट
उत्तम शब्द. फक्त तंबूचा तणावा तुटला की कापड पडतं, इथे डोलकाठी पडते. तारा वरून चकचकीत दिसतात आणि टोकाला जिथे दाबून बसवल्यात तिथे आतून तुटत जातात, म्हणून विमावाले दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या तारा बघून नाक मुरडतात. 'नवीन' म्हणजे कोणत्या साली नवीन, पावती आहे का, हे भावाला विचारायला सांगा. विकणाऱ्यांच्या भाषेत 'नवीन'ला फार मोठं वय चालतं.

साडेमाडे
म्हणजे जाहिरात लिहिणारा तणावमुक्त, घेणारा तणावग्रस्त.

शुद्धिपत्र
तणावा मान्य. तन् धातूवरून असणार. संस्कृत.

साडेमाडे
झालं समाधान?

शुद्धिपत्र
शायिका मान्य केलीत तर पूर्ण होईल.

खारं वारं
लीक्लॉथ राहिलाच. बोट एका कुशीवर कलली की झोपलेला माणूस खाली गडगडू नये म्हणून बाकाच्या कडेला कॅनव्हासची पट्टी वर ओढून बांधतात.

मांडवी तीर
झोळी.

मिठागर
झोळीत माणूस लटकतो. ही अडवते. 'आडपट्टी'.

साडेमाडे
'कॅनव्हासची पट्टी'. आताच तुम्ही लिहिलंत, सगळ्यांना कळलं. थांबा की तिथेच.

मीठभाकर
उशिरा आले, पण जाहिरात मीही वाचली. त्यात 'दोन बर्नरचा कुकर, गिंबल्सवर' असं आहे. ते मामांना काय सांगितलंत?

खारं वारं
कुकर. का?

मीठभाकर
ब्रिटिशांचा कुकर म्हणजे शेगडी हो. शिट्टीवाला नव्हे.

खारं वारं
अगं बाई. तरीच मामाने विचारलं, 'चालत्या बोटीत शिट्ट्यो कोण मोजतलो?' मला वाटलं चेष्टा करतोय.

शुद्धिपत्र
बोट डोलली तरी ही शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलत सपाट राहते ना? मग 'डोलचूल' म्हणा. डोलकाठी आहेच, तिच्या शेजारी डोलचूल.

साडेमाडे
...हा चांगला आहे. काय बोलू.

मिठागर
भंडाऱ्याची डोलचूल. आजोबांना आवडला असता.

आगबोट
डोलचूल चालेल, पण तिचा सिलिंडर कुठे आहे ते बघा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खिडकीतून जात नाही, तळाशी जाऊन बसतो, आणि तिथे इंजिन आहे. म्हणून सिलिंडरचा कप्पा वेगळा, बंद आणि बाहेर समुद्राकडे भोक असलेला लागतो. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बोटींना मूळची अशी सोय नसते.

खारं वारं
जाहिरातीत त्याबद्दल एक अक्षर नाही. भावाला आत्ताच मेसेज केला.

शुद्धिपत्र
आणि बर्थ?

साडेमाडे
शायिका सोडून काहीही.

मीठभाकर
नाखवा हा शब्द मराठी ना? सासूबाई म्हणतात कोळ्यांचा.

मिठागर
फारसी. नाखुदा, म्हणजे नावेचा धनी.

शुद्धिपत्र
त्यातला 'ना' म्हणजे आपली नाव. अर्धा तरी घरचा.

साडेमाडे
नवीन धागा काढा.