थार लिफ्ट केली आणि मागून थरथर सुरू झाली. आधी वरचे आर्म की पॅनहार्ड?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गाडी २०२१ ची थार, डिझेल मॅन्युअल. दिवाळीनंतर २ इंच लिफ्ट करून घेतली. उंच स्प्रिंगा आणि लांब शॉक टाकले, बाकी सगळं मूळचंच: मागचा ॲक्सल चासीला पुढे-मागे धरणारे वरचे-खालचे आर्म आणि त्याला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉडसुद्धा. दगडधोंड्यात गाडी झकास जाते. पण डांबरीवर ६५-७० ला ॲक्सिलरेटर दाबला की सीटखालून घुर्रर्र येतं, आणि पाय उचलला की गायब. चाकं दोनदा बॅलन्स करून झाली.

शेवटी मीच खाली शिरलो. अँगल मीटर लावून मोजलं: ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) फ्लँज ४ अंश, तिथून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ९, आणि तो ॲक्सलला जिथे जोडतो तो पिनियन फक्त २. म्हणजे शाफ्टच्या पुढच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) ५ अंश आणि मागच्याला ७. दोन्ही सारखे असते तर एकाने दिलेला झटका दुसऱ्याने खाल्ला असता, इथे २ अंशांचा हिशोब उरतोय. ॲक्सल खाली गेल्यावर वरच्या आर्मने त्याचं डोकं पुढे ओढलंय, म्हणून पिनियनने नाक खाली घातलंय.

ॲक्सलवर वरच्या आणि खालच्या आर्मच्या बोल्टांत उभं अंतर साधारण २०० मिमी आहे. म्हणजे वरचे आर्म ७ मिमी लांब केले की २ अंश भरून निघावेत. बरोबर ना?

एकाने पिनियन उचलायला ॲक्सल आणि स्प्रिंगमध्ये पाचर घालायला सांगितलं. अहो, पाचर पाट्यांच्या स्प्रिंगवर बसते, जुन्या थारला चाललं असतं, हिला मागे कॉइल आहेत! दुसरा म्हणतो, आहेत तेच आर्म कापून मध्ये तुकडा वेल्ड करू. ब्रेक मारताना त्याच आर्मवर लोड येतो, त्यामुळे मन धजत नाही. कुणी असे आर्म वापरलेत का? की सरळ ॲडजस्टेबल घेऊ?

पॅनहार्डचंही दुखणं आहेच. ओळंबा सोडून पाहिलं तर डाव्या-उजव्या चाकात १२ मिमीचा फरक, म्हणजे ॲक्सल ६ मिमी सरकलाय. ॲडजस्टेबल रॉडने तो मधोमध येईल, पण रॉडची तिरकी तशीच राहणार आणि खड्ड्यात मागचा भाग बाजूला ढकलला जाणार. ॲक्सलकडचं ब्रॅकेट उंच केलं तर रॉड आडवा होईल, पण लांबलेल्या ब्रॅकेटवर ताण वाढेल. ज्यांनी केलंय त्यांचं ब्रॅकेट कधी तडकलंय का?

लेन बदलताना मागची बाजू स्वतःच वळल्यासारखी वाटते, ती खालचे आर्म जास्त तिरके झाल्यामुळे असावी. त्यांची चासीकडची टोकं खाली आणता येतील, पण मग तीच दगडाला घासणार. एवढ्यासाठी का लिफ्ट केली?

ता. क. फिटरने आर्मच्या टोकांचे सगळे बुश (रबरी सांधे) गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले होते. चाकं जमिनीवर ठेवून, सैल करून पुन्हा आवळले, तर मागची कुईकुई थांबली. घुर्रर्र मात्र तसंच. आरटीओचा विषय इथे नको, तो वेगळा धागा होईल. मला आधी एवढंच सांगा: पॅनहार्डने ॲक्सल मध्ये आणून मग पिनियन लावू, की उलट?