घराभोवतीची फुलबाग : काय लावलं, काय गेलं, काय जगलं?

मंडळी, घराला थोडं जरी अंगण असेल तरी इथे लिहा. बाग तयार झाल्यावरचे फोटो सगळेच टाकतात पण त्याआधीची दोनतीन वर्षं कशी गेली ते कोणी सांगत नाही, कुठे पाणी साठलं, कुठलं रोप तीनदा आणलं आणि तिन्ही वेळा गेलं, काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते सगळं हवंय. कितीही मोठं लिहा, मी सगळं वाचणार आहे.

सुरुवात माझ्यापासून. घर बांधून झालं आणि मी लगेच पुढच्या भिंतीलगत अनंताची चार रोपं लावली. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी यायला लागली, पण पिवळी म्हणजे कशी, शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, मग वाटलं खत कमी पडतंय म्हणून खत घातलं, काही फरक नाही. शेवटी एक रोप गेलं तेव्हा ते काढायला म्हणून खणलं तर वीतभर मातीखाली नुसता राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टरचे थर, सिमेंटची ढेकळं. बांधकामवाल्यांनी सगळं तिथेच पसरून वर छान लाल माती ओढली होती. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, म्हणून ती पानं तशी. अनंताला तर आम्लधर्मी माती लागते, त्यामुळे सगळ्यात आधी त्यानेच मान टाकली. मग भिंतीलगतचा दीड फूट खोल पट्टा पूर्ण उपसला, नवी माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत घालून भरला आणि चार महिने तसाच ठेवला. ते चार महिने जिवावर आले होते, रिकामा पट्टा बघवत नव्हता. पण आता तिथे काय लावलं तरी येतं. नवीन घर असेल तर रोपं आणायच्या आधी चारपाच ठिकाणी खणून बघा, हे मी भेटेल त्याला सांगते.

*

ताई, तुमचं वाचून माझं पाण्याचं आठवलं. आमच्या मागच्या अंगणाचा उतार घराच्या दिशेने होता, ते पहिल्या मोठ्या पावसात कळलं, पायाशी तळं. उतार नेहमी घरापासून बाहेर पाहिजे, भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटीमीटर तरी खाली जायला हवा, तो आधी करून घेतला. यात फुलांचं काहीच नाही आणि खर्च सगळा यातच, पण हे नंतर करायचं म्हटलं तर लावलेलं सगळं उपटावं लागतं.

दुसरं म्हणजे खड्ड्याची परीक्षा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणायचा, काठोकाठ पाणी भरायचं, ते पूर्ण जिरू द्यायचं आणि मग परत भरून घड्याळ लावायचं. तासाला दोनअडीच सेंटीमीटर पाणी उतरलं तर निचरा ठीक आहे. माझ्याकडे कुंपणाजवळच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा पाणी तसंच होतं, आणि मी नेमका तिथेच गुलाब लावणार होतो!! त्या कोपऱ्यात मग कर्दळ लावली, तिला पाय ओले चालतात, इतकी माजलीये की दर वर्षी कंद काढून वाटतो. माती बदलायच्या भानगडीत न पडता त्या जागेला चालेल ते लावलं आणि मला स्वतःला तेच बरोबर वाटतं.

*

गुलाबाचं सांगतो. आईने लावलेला एक गुलाब होता, गडद लाल, मोठं फूल आणि वास असा की सकाळी दार उघडलं की आधी तोच आत यायचा. आई गेल्यानंतर दोनेक वर्षं आमचं कोणाचंच बागेत लक्ष नव्हतं, फक्त पाणी जात होतं. नंतर बघितलं तर झाड मोठं झालेलं, जोमात वाढलेलं, पण फुलं बारीक, फिकट, एका वेळी घोसाने येणारी. मी बरेच दिवस समजत होतो की झाड म्हातारं झालं. मग एका माळीकाकांनी खाली वाकून दाखवलं, डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून, रानगुलाबाच्या खुंटातून फुटवे आले होते आणि त्यांनी सगळं झाड बळकावलं होतं. खुंट रांगडा असतो, त्याची मुळं मजबूत म्हणून तर त्याच्यावर डोळा भरतात, पण त्याचे फुटवे वाढू दिले तर वरच्या जातीला अन्न मिळत नाही आणि ती हळूहळू मरते.

एक फांदी शिल्लक होती, पेन्सिलएवढी, मूळ गुलाबाची. काकांनी तिच्यावरचे डोळे काढून दोन नव्या खुंटांवर भरून दिले. एक गेला, एक लागला. पहिली कळी उमलली तेव्हा मी बहिणीला फोन केला आणि दोघांनाही काही बोलता येईना.

आता दर आठवड्याला झाडाच्या बुडाशी बघतो. खालून फुटवा दिसला की थोडी माती बाजूला करायची आणि तो जिथून निघालाय तिथून ओढून काढायचा, नुसता वरून कापला तर परत चार फुटतात. आणि छाटताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते.

*

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं दादा.

माझं शेवंतीचं. दोन वर्षं ओळीने शेवंती लावली, पानं सुंदर, उंची छान, कळ्या नाहीत. गंमत म्हणजे त्याच रोपांची पिल्लं बहिणीने नेली होती, तिच्याकडे ढीग फुलं. माती तीच, खत तेच, रोज फोनवर आमची तुलना चालायची. शेवटी ती राहायला आली आणि रात्री अंगणात बसलो असताना म्हणाली, अगं हा दिवा रात्रभर चालू असतो का? पोर्चचा दिवा, बरोब्बर वाफ्यावर.

शेवंतीला फुलायला लांब अंधारी रात्र लागते. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळतं की आता कळ्या धरायच्या, पण आमच्याकडे रात्र होतच नव्हती तिच्यासाठी. झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं होतं, हे मी नंतर वाचलं. इतकी जुनी माहिती आणि मी दोन वर्षं खतं बदलत बसले. दिव्याला सेन्सर लावला, कोणी आलं तरच लागतो. त्या वर्षी वाफा पिवळाधमक झाला. आणि हो, रोप वीतभर झालं की शेंडे खुडा, तेव्हा नको वाटतं पण खुडलं की फांद्या फुटतात, जितक्या फांद्या तितक्या कळ्या.

*

मोगऱ्याबद्दल दोन ओळी. पानं गच्च आणि फुलं नाहीत असं असेल तर युरिया घालणं थांबवा, नत्र जास्त झालं की झाड पानंच काढत बसतं. दिवसाला पाचसहा तास ऊन हवंच. आणि बहर संपला की छाटा, कारण फूल नव्या फुटीवर येतं. बास, एवढंच.

*

आमच्याकडे भांडण होतं लॉनवरून. सासऱ्यांना पुढे मोठी हिरवळ हवी होती नातवंडांना खेळायला, सासूबाईंना फुलझाडं, नवऱ्याला गाडी वळवायला जागा आणि मला फक्त एवढंच हवं होतं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची भिंत दिसू नये. कागदावर किती नकाशे काढले, प्रत्येक वेळी कोणीतरी नाराज. मग एका रविवारी बागेचा रबरी पाइप घेतला आणि जमिनीवर त्याच्या वळणाने वाफ्यांच्या कडा आखल्या, झाडांच्या जागी बादल्या आणि खुर्च्या ठेवल्या आणि सगळे आठवडाभर त्यातून वावरलो. तेव्हा कळलं की नळापासून मागच्या दारापर्यंत आम्ही सगळे एकाच तिरक्या रेषेत चालतो, आणि नकाशात तिथे बरोब्बर गुलाबाचा वाफा होता! पायवाट तिथूनच काढली. रुंदी चार फूट ठेवा, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात, तीन फुटात एकाला मागे राहावं लागतं, आमच्या सासूबाईंना हात धरून चालावं लागतं म्हणून हे फार कामाला आलं. हिरवळ अर्धी झाली पण जिथे खरंच पोरं खेळतात तिथे आहे.

लावताना पहिली चूक ही की नर्सरीत जे आवडेल ते एकेक आणलं, वीस प्रकारची वीस रोपं, आणि सगळं मिळून कशावरच नजर ठरत नव्हती. नंतर एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र, लांबट पट्ट्यात लावली. गर्ट्रूड जेकिल नावाच्या इंग्रज बाई होत्या (१८४३ ते १९३२), त्यांनी ४०० च्या वर बागा आखल्या, त्या असे लांबट पट्टे एकमेकांत मिसळत लावायच्या, आणि त्या मुळात चित्रकार होत्या हे ऐकल्यावर मला ते एकदम पटलं. आमच्या खिडकीसमोर आता मागे उंच जास्वंद, पुढे अबोलीचा पट्टा, सगळ्यात पुढे सदाफुली. भिंत दिसत नाही!

*

ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी कृपया हे वाचा. आमच्या कुंपणाला कण्हेर होती, बारा महिने फुलं, पाणी नको काही नको. मुलगा दीड वर्षाचा झाला आणि एक दिवस त्याच्या हातात कण्हेरीचं पान. तोंडात गेलं नव्हतं, मी वेळेत पोचले, पण माझे पाय कापत होते. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, हृदयावर परिणाम होतो. त्याच आठवड्यात सगळी काढली. काढताना हातमोजे घाला आणि फांद्या अजिबात जाळू नका, धूरही घातक असतो. आणि मांजर असेल तर लिली नको, परागकण अंगावर पडून चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. हे नर्सरीत कोणी आपणहून सांगत नाही, सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

*

मी कीटकांबद्दल लिहिणार आहे कारण माझ्या हातून झालेल्या चुकीचं अजून वाईट वाटतं. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला होता आणि त्यात काळ्या-केशरी, काटेरी, छोट्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. मी समजलो याच झाड खातायत. चिमट्याने एकेक काढून मारल्या, चांगल्या तीसचाळीस. मावा आणखी वाढला. नंतर एका पुस्तकात चित्र बघितलं, ती लेडीबगची पिल्लं होती, मावा खाणारी!! तेव्हापासून फवारायच्या आधी दोन दिवस नुसतं बघतो. बहुतेक वेळा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पडतो. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी, आणि पानांच्या खालच्या बाजूला.

लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली तर तीही राहू द्या, पुढे हिरवी होते, मग कोष, मग काळं-पिवळं फुलपाखरू. रोप मोठं असेल तर थोडी पानं गेल्याने काही बिघडत नाही. फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत, असं कसं जमेल.

*

मला मुंग्यांचं विचारायचं होतं, जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागलीये, वर पांढरं कापसासारखं.

*

ते पिठ्या ढेकूण आहेत. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांचं रक्षण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, खूप भरलेला शेंडा काढून पिशवीत बांधून फेका, बाकी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पुसा. आठवड्याने परत करावं लागेल, एकदा करून जात नाहीत.

*

सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे. बाबांची नजर गेली चार वर्षं कमी होत गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. त्यांनीच ही बाग उभी केली होती आणि त्यांना तिथे जाता येईना, दोनदा पडले. मग मी रंगांचा विचार सोडून दिला आणि वासाने बाग लावली. पायरी उतरल्यावर डावीकडे मोगरा, म्हणजे तो वास आला की तीन पावलांवर कठडा. वळणावर निशिगंध. बसायच्या बाकाजवळ सोनचाफा. रातराणी मुद्दाम लांब, कुंपणापाशी, कारण जवळ लावली तर ती बाकी कोणाचा वास येऊ देत नाही. पायवाट खरखरीत ठेवली आणि दोन्ही कडांना बारीक खडी, पाय कडेला गेला की आवाज होतो.

फाटकाजवळ पारिजातक आहे. त्याच्याखालची फरशी काढून टाकली, ओली फुलं पडली की निसरडं व्हायचं, आता तिथे माती आणि आखूड गवत. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे सगळी फुलं खाली टाकतो. बाबा सहाला उठून काठी न घेता तिथपर्यंत जातात आणि खाली बसून हाताने गवतातून एकेक फूल वेचतात. परवा म्हणाले, मोगऱ्याला पाणी कमी पडतंय, वास बारीक झालाय. मी जाऊन बघितलं तर आळं खरंच कोरडं होतं.