लेकराचं नाव आणि मधलं नाव: जुळवताना तुमचं काय झालं?

भावाला मुलगा झालाय. बारसं पुढच्या रविवारी, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. तूळ रास, अक्षर र नाहीतर त. अडचण मधल्या नावाची आहे. ते आपण कुठं निवडतो? बापाचं असेल तेच लागतं. भावाचं नाव रावसाहेब. त्याच्या आधी काहीही लावून बघा, लेकरू साहेबांचा पीए वाटतं. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचंही नाव लागतं, आणि वहिनी निघाली रोहिणी. माझ्या मनात रुद्र होतं. रुद्र रोहिणी रावसाहेब. म्हणून बघा एकदा, जीभ सांभाळून. तुमच्या घरी कसं जुळलं किंवा फसलं ते सांगा. आमचं अंबाजोगाई.

सेलूहून:
थोरल्याचं नाव श्लोक, मालकांचं कैलास. बारशात नुसतं श्लोक म्हणलं, कुणाला काही खटकलं नाही. बालवाडीत बाईंनी हजेरी घेतली तेव्हा कळलं. श्लोकैलास! मधला एक क बाई रोज खायच्या. दोन क लागून आले की थांबावं लागतं, आणि चाळीस लेकरांच्या हजेरीत कोण थांबतंय? धाकटा २०२४ च्या दिवाळीत झाला. त्याच्या दाखल्यावर अर्णव सुनीता कैलास. सुनीता म्हणजे मी. मग लक्षात आलं, मी मधे असते तर श्लोकचे दोन्ही क वाचले असते! आता घरात एका भावाचं नाव तीन शब्दांचं, दुसऱ्याचं चार. परवा थोरल्यानं दोन्ही दाखले शेजारी ठेवून विचारलं, "आई, तू माझ्यात काहून नाहीस?"

हदगाव, जि. नांदेड:
माझं दुखणं स्पेलिंगचं. आमच्याकडं मारुतीला मारोती म्हणतात आणि लिहितातही तसंच. माझ्या टीसीवर मारोती, आधारवर कुणीतरी शहाण्यानं सुधारून मारुती केलेलं. मुलाच्या दाखल्यावर आधार बघून मारुती पडलं, पुढं शाळेत माझी टीसी मागितली आणि बाप दोन निघाले. प्रतिज्ञापत्र, फेऱ्या, झेरॉक्स, शेवटी राजपत्रात नाव बदललं. लेकराचं नाही, माझं! तवा ताई, आधी भावाचे सगळे कागद एका ओळीत मांडून बघा. आणि नावाची घाई करू नका. जन्माची नोंद तेवढी २१ दिवसांत करा. नाव मागून भरता येतं, १२ महिन्यांपर्यंत त्याला फी पण नाही. मला खिडकीवरच्या माणसानं "नाव नसेल तर नोंद नाही" म्हणून परत पाठवलं होतं. गाडीवर बसल्या बसल्या नाव ठरवलं आम्ही.

जालना:
आमच्यात तऱ्हाच वेगळी. मुलगा शेख अयान शेख जावेद. आधी शेख, मग नाव, परत शेख, मग बाप. ऐकायला एकदम ठेक्यात. पण फॉर्मला खण तीनच असतात. एका ठिकाणी भरणाऱ्यानं पहिलं नाव शेख, मधलं अयान आणि आडनाव जावेद टाकलं. निकालाची यादी लागली तेव्हा पोराला श मध्ये शोधलं, अ मध्ये शोधलं, सापडला ज मध्ये. धाकट्याच्या वेळेला म्हणून सरळ अमान जावेद शेख केलं. अम्मी अजून म्हणते, हे नाव लंगडं चालतं.

औंढा नागनाथ:
आमचे मामंजी नागनाथ. ते गेले, वर्षाच्या आत मला मुलगा झाला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगून टाकलं, माझं माणूस परत आलं, तेच नाव ठेवायचं. ह्यांचं नाव विश्वनाथ. म्हणजे नागनाथ विश्वनाथ. दोन दोन नाथ झाले म्हणून नणंद हसली, पण आत्याबाईंपुढं कुणाची टाप? खरी गंमत नंतर. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून मी बापू म्हणायला लागले. आत्याबाईंनी तर जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, उखाण्यातसुद्धा तोंडाला पदर लावत. नाव हौसेनं ठेवलं त्यांनी, घेता येईना त्यांनाच. पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळेत मॅडमनी नागनाथ म्हणून हाक मारली तर हे मागं वळून बघतंय, कोण आलं म्हणून.

उदगीर:
विहान बसवराज. लोक म्हणतात लेकरू पुण्याचं आणि बाप उदगीरचा वाटतो. वाटू द्या की. अजून तीस वर्षांनी विहान कुणाच्या तरी नावात मधे जाऊन बसेल, तेव्हा तेच जुनाट वाटेल.

बीड:
मुलगा २०१५ चा. मी वेगळी राहते. कागदावर मधे त्याच्या बापाचंच नाव आहे, ते तसंच राहील. वह्यांवर मात्र तो स्वतः माझं लावतो. चौथीत बाईंनी लाल पेनानं खोडून वर दुरुस्ती केली होती. त्यानं दुसऱ्या वहीवर परत माझंच लिहिलं. मी दोघांनाही काही म्हणले नाही. कव्हरं घालून दिली फक्त.

परत मी, अंबाजोगाई:
झालं बाई बारसं. श्लोकैलास वाचल्यापासून धास्तीच घेतली होती. फाटकात उभं राहून एकेक नाव पूर्ण ओरडून बघितलं, शेजारच्या काकू दोनदा बाहेर आल्या. र चा नाद सोडला आणि त धरला. तन्मय रोहिणी रावसाहेब. पीए अजून वाटतोच, पण जीभ अडकत नाही. मारोतीभाऊंचं ऐकून भावाचे कागद पण काढले, आधारवर राव आणि साहेब तोडून लिहिलेलं निघालं. ते आधी नीट करायला टाकलंय.

कानात कुर्र केलं, पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. आमच्या चुलत आजीला ऐकायला कमी येतं. ती पाळण्याला अगदी टेकून बसलेली. तिनं मागच्या बायांना सांगितलं, "मन्मथ ठेवलं गं, कपिलधारच्या स्वामींचं." दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीत मन्मथ झालं होतं, एक काकू तर त्या नावानं झबलं टोपडं देऊन गेल्या. वहिनी म्हणते म अक्षर तूळेत बसत नाही. भाऊ पाळण्याची दोरी ओढत मन्मथ रोहिणी रावसाहेब, मन्मथ रोहिणी रावसाहेब, असं म्हणून बघतोय.