मदत हवी आहे: चिनी शुभचिन्हांचं भरतकाम

सिंगापूरला शेजारच्या चिनी आजींना त्यांच्या नववर्षासाठी टेबलरनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांब कापडी पट्टी) आणि हात पुसायचे दोन नॅपकिन भरून देतेय. लाल सुती कापडावर पिवळ्या धाग्याने मधोमध ‘फू’ हे सुखाचं अक्षर, भोवती पाच वटवाघळं. आपण दचकू, पण चिनीत वटवाघळाच्या नावातही ‘फू’च येतं, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं! अक्षर मुद्दाम उलटंही लावतात, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ यांचा उच्चार सारखाच: सुख आलं.

पण रनरच्या दोन्ही बाजूंना माणसं बसणार, मग अक्षर कसं भरू? नॅपकिनवर भरभराटीचा मासा काढला तर त्याला ओले हात पुसणं खटकेल का?

शिवाय लाल रंग मिठाच्या पाण्यात ठेवूनही उतरतोच आहे. पिवळा धागा खराब होऊ नये म्हणून काय करता?