स्टार ट्रेल काढायचेत, पण कोल्हापुरात ध्रुवतारा एवढा खाली का दिसतोय?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. माझ्याकडं कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक बऱ्यापैकी जड ट्रायपॉड. सध्या स्टार ट्रेलचं, म्हणजे तारे आभाळात फिरताना उमटणाऱ्या रेघांच्या फोटोचं, खूळ डोक्यात शिरलंय. यूट्यूबवर जे व्हिडिओ बघितले ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले, त्यात ध्रुव मस्त वर आभाळात आणि त्याच्याभोवती गोल गोल रिंगणं, आणि इथं गच्चीवरून बघावं तर ध्रुव समोरच्या बिल्डिंगच्या टाकीला जवळजवळ टेकलेला आणि तो पण धड दिसत नाही. बल्ब मोडवर पंधरा मिनिटं शटर उघडं ठेवून बघितलं, सगळा फोटो केशरी, तारा एक नाही. तर आपल्याकडून ती पूर्ण रिंगणं येतात का, का त्यासाठी हिमालयातच जायला लागतंय? आणि पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा यातलं काय बरं पडेल? पोरं म्हणतात रंकाळ्यावर पण होतंय, पण मला तरी ते पटत नाही.

घाटवाट
भावा ध्रुव खाली दिसतोय त्यात तुझी काही चूक नाही, तो असतोच खाली. आपण ज्या अक्षांशावर उभे तेवढ्याच अंशांवर ध्रुव, कोल्हापूर साधारण १६.७ अंशांवर म्हणजे ध्रुव पण क्षितिजापासून तेवढाच वर. लंडनवाल्याला तो ५१ अंशांवर मिळतोय म्हणून त्यांच्या फोटोत रिंगणं डोक्यावर असतात. हात लांब करून मूठ धरलीस की ती अंदाजे दहा अंशांची, म्हणजे क्षितिजावर दीड-पावणेदोन मुठी ठेव, तिथं ध्रुव.

याचा फोटोवर काय परिणाम होतो ते बघ. पूर्ण रिंगण फक्त ध्रुवाच्या सतरा अंशांच्या आतल्या ताऱ्यांचंच होणार, त्याच्या बाहेरचे तारे क्षितिजाला येऊन तुटणार, त्यामुळं आपल्याकडचा उत्तरेचा फोटो म्हणजे मधी लहान रिंगणं आणि भोवती मोठमोठ्या कमानी. मला तर ते जास्त आवडतंय, प्रत्येकाच्या भिंतीवर तोच गोल कशाला पाहिजे. पण फोरग्राउंड, म्हणजे फोटोत पुढं दिसणारं झाड-बुरुज, बुटकं घ्यायला लागतंय. पन्हाळ्यावर एखाद्या बुरुजाच्या बुडाला उभं राहून उत्तर धरलीस तर ध्रुव बुरुजामागं गेला म्हणून समज, लांब मागं सरकून बुरुज एक मुठीच्या आत बसव. तुझ्या लेन्सला १८ वर कॅमेरा आडवा धरून उभ्यात ४५ अंश मिळतात, कॅमेरा उभा धरलास तर ६४ च्या आसपास, तर उभाच धर, कमानी वरपर्यंत येतील.

आणि ध्रुव शोधायला सप्तर्षी सप्तर्षी करत बसू नको, नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडं क्षितिजाखालीच असतंय. तेव्हा शर्मिष्ठा नक्षत्र बघ, उत्तरेला इंग्रजी एम सारखी. नाहीतर सरळ मोबाईलचा कंपास, आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फरक अगदी थोडा आहे, फक्त कंपास गाडीच्या बॉनेटवर ठेवून बघू नको.

तांबडापांढरा
घाटवाट नी जागेचं सांगितलं, मी त्या केशरी फोटोचं सांगतो. एकच पंधरा मिनिटांचा एक्स्पोजर घेतलास की शहराचा उजेड त्या पंधरा मिनिटात साठत जातो, आणि तारा मात्र एका पिक्सेलवर दोन-तीन सेकंद थांबून पुढं सरकतो, म्हणून आभाळ जिंकतंय आणि तारा हरतोय. त्यापेक्षा तीस-तीस सेकंदाचे फोटो एकामागून एक काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर लाइटन मोडमधी एकावर एक बसवायचे. लाइटन म्हणजे बेरीज नाही बरं का, प्रत्येक पिक्सेलला सगळ्या फोटोतला जो सर्वात उजळ तो घेतो, त्यामुळं आभाळ एका फोटोत जेवढं उजळ तेवढंच राहतंय आणि तारे मात्र जिथनं जिथनं गेले तिथं सगळीकडं रेघ ठेवून जातात. स्टारस्टॅक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटो टाकले की तेच करतंय. म्हणून रंकाळ्यावर होतंय म्हणणारी पोरं चूक नाहीत, फक्त आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती तिखट) ४००, एफ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) ४ असं आवरून घ्यायला लागतंय आणि तारे मोजकेच मिळतात. सरावाला गच्ची बेस्ट.

आता सेटिंग. बाहेर अंधारात एफ ३.५, आयएसओ १६००, ३० सेकंद. व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंग किती पिवळा-निळा ते) ऑटोवर नको, ४००० केल्विनच्या आसपास जे येईल ते ठरवून ठेव, तुझ्या कॅमेऱ्यात टंगस्टनवर ठेवलंस तरी चालतंय. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद म्हणजे बंद. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून अजून एक काळा फोटो घेत बसतो, म्हणजे तीस सेकंद रेघ, तीस सेकंद मोकळं, आणि शेवटी रेघेच्या जागी टिंबं टिंबं. कॅमेरा कंटिन्युअस ड्राइव्हवर (बटण दाबलेलं असेपर्यंत फोटो काढत राहतो तो) टाक, लॉक होणारा वायरचा रिमोट घे आणि बटण दाबून लॉक करून टाक, बस. दोन फोटोत सेकंदाचा गॅप पडला तरी १८ एमएमवर तारा एक पिक्सेल पण सरकत नाही, तो दिसत नाही. पाच-सहा सेकंदाचा पडला की झूम केल्यावर दिसतंय.

फोकसला मात्र वेळ दे. ऑटोफोकस अंधारात नुसता पुढंमागं फिरत बसतोय. लेन्स मॅन्युअलवर, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणं) चालू, व्याध नाहीतर जो सर्वात ठळक तारा असेल तो मधी आणून दहा पट झूम, आणि रिंग अगदी सावकाश फिरवत राहायचं, तारा आधी ताटलीएवढा दिसतोय मग लहान लहान होत एक टोचणी राहते, आणि पुढं फिरवलंस की परत पसरतोय. त्या टोचणीवर थांब आणि रिंगला मेडिकलची कागदी टेप चिकटव. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारं) पण बंद.

जुना_रोलवाला
आमच्या रोलच्या काळात तास-दीड तासाचा एकच एक्स्पोजर असायचा आणि रेघ अखंड यायची, हे तुकडे जोडणं मला अजूनही अर्धवट वाटतं. गगनबावड्यासारख्या अंधारात आजच्या कॅमेऱ्यावर सुद्धा आयएसओ २०० वर पाच-पाच मिनिटांचे एक्स्पोजर आरामात जातात, फोटो कमी, ताऱ्यांचे रंगही चांगले येतात. आयएसओ चढवला की ठळक तारे सगळे पांढरे फटक होतात. मृग पूर्वेला उगवताना धरून बघा, त्यातल्या काक्षी ताऱ्याची रेघ तांबूस आणि राजन्य ताऱ्याची निळसर, शेजारी शेजारी. मृगातला तीन ताऱ्यांचा बाण खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आभाळातली रेघ) लागूनच, म्हणून त्याची रेघ जवळजवळ सरळ, त्याच्या डावीकडच्या रेघा एका बाजूला वाकलेल्या आणि उजवीकडच्या दुसऱ्या बाजूला. आपल्याकडं पूर्वेला तारे जवळजवळ उभेच चढतात, किंचित उजवीकडे कलून. हे लंडनवाल्याला मिळत नाही, तिथं सगळं तिरपं.

तांबडापांढरा
काका रंगाचं एकदम बरोबर. पण पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमधी चौथ्या मिनिटाला कोण ट्रॅक्टर हेडलाइट टाकून वळला की ती पाचही मिनिटं गेली. तीस सेकंदवाल्यात तेवढा एक फोटो काढून टाकायचा, आणि विमान गेलं तर त्या एका फोटोत विमानाच्या रेघेवर काळा ब्रश फिरवायचा, लाइटनमधी काळं आपोआप नाहीसं होतंय.

गुऱ्हाळवाला
सेटिंगमधलं मला तुमच्याएवढं कळत नाही पण हवेचं सांगतो. ऊस तोड सुरू झाली की रात्री फडातली पाचट पेटवतात, त्यात गुऱ्हाळांचा धूर, तो सगळा थंडीत खालीच बसून राहतो. ध्रुव सतरा अंशांवर म्हणजे नेमका त्या धुरातनं बघायचा. पाऊस परतल्यावर आणि तोडी जोरात सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, हा आपल्याकडचा सर्वात स्वच्छ काळ असं माझं मत. नाहीतर वळीव पडून गेल्यावरची रात्र. कॅलेंडरवर अमावस्या बघून घ्या, पण अगदी अमावस्याच पाहिजे असं नाही, तृतीया-चतुर्थीची कोर पश्चिमेला असली की तटबंदी फुकटात उजळते आणि नंतर चंद्र मावळतो पण.

पंचगंगाकाठ
लई भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. मग पन्हाळाच धरू का? आणि बॅटरी दोन तास टिकेल का? एकच आहे.

घाटवाट
पन्हाळ्यावरून उत्तर किंवा पश्चिम धर. कोल्हापूर आग्नेयेला येतंय आणि इचलकरंजीकडचा उजेड पण पूर्वेलाच, त्यामुळं काकांचा मृग तिथनं नको, उत्तरेला वारणा खोऱ्यातल्या गावांचे दिवे आहेत तेवढे चालतात. गगनबावडा जास्त अंधार, पण धुकं कधी चढेल भरोसा नाही. मसाई पठारावर रात्री थांबायचं असेल तर वनखात्याला आधी विचार, आणि एकटा जाऊ नको. राधानगरी-दाजीपूरचा तर रात्री विचारच सोड, तिकडं गवे फिरतात, आणि आजकाल गवा कुठं दिसेल सांगता येत नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज करून, इमेज रिव्ह्यू (काढलेला फोटो स्क्रीनवर दिसणं) आणि लाइव्ह व्ह्यू बंद ठेवून सुरू कर, तरी दुसरी घेऊनच जा, थंडीत उतरते. दोन तास म्हणजे २४० फोटो आणि तीस अंशांची कमान, रॉमधी (कॅमेऱ्याच्या मोठ्या कच्च्या फाइलमधी) काढलेस तरी ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतंय. आणि खरा वैरी दव. रात्र चढली की लेन्सची पुढची काच हवेपेक्षा थंड पडते आणि त्यावर पाणी धरतं, तुला कळत पण नाही, फोटो हळूहळू दुधट होत जातात. मधीच पुसायला गेलास तर कॅमेरा हलला. म्हणून लेन्सच्या पुढं हूड (नळकांड्यासारखं झाकण) लाव आणि आधीपासनंच पॉवर बँकवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळ, नाहीतर हात शेकायच्या गरम पुड्या मिळतात त्या जुन्या मोज्यात घालून रबरानं बांध. काचेवर येऊ देऊ नको फक्त. किल्ल्याचा एक फोटो दिवस मावळल्यावर थोडा उजेड असतानाच काढून ठेव, नंतर रेघांच्या फोटोला जोडायला, आणि त्यानंतर ट्रायपॉडला हात लावू नको.

गुऱ्हाळवाला
हेडटॉर्च लाल उजेडाची घ्या. आणि जाताना कळवा, मी येतो, कोडोलीतनं जवळ पडतंय.